घरपट्टी: रकमेआधी नोंद तपासा

भंडारा जिल्ह्यातल्या गावांत एकाच आवारात तीन काळांची बांधकामे सहज सापडतात. मागे मातीच्या भिंतींचे कवेलूचे घर, त्याला लागून योजनेतून मिळालेले घरकुल, आणि रस्त्याच्या अंगाला मुलाने अलीकडे बांधलेली स्लॅबची खोली, बहुधा शटर लावलेली. ग्रामपंचायतीच्या वहीत मात्र कित्येकदा या सगळ्याची मिळून एकच ओळ असते. त्या ओळीत क्षेत्रफळ किती लिहिले, बांधकाम कोणत्या प्रकारचे धरले, वय किती दाखवले आणि वापर कशासाठी आहे असे नोंदवले, एवढ्यावर घरपट्टी ठरते. ही नोंद चुकली की बिल चुकते, आणि पुढची चार वर्षे चुकतच राहते.

घरपट्टी जास्त आली की लोक रकमेवर बोलतात. ‘मागच्या वर्षी एवढी होती, यंदा एवढी कशी?’ असा प्रश्न ग्रामसभेत दरवेळी निघतो. या प्रश्नाला उत्तर एकच मिळते, ‘शासनाचा नियम आहे.’ तिथेच बोलणे संपते. त्याऐवजी ‘माझ्या घराचे क्षेत्रफळ तुम्ही किती धरले, ते मोजले कोणी आणि कधी?’ असे विचारा. याचे उत्तर कार्यालयाला वही उघडूनच द्यावे लागते.

आधी आपण कोणत्या कायद्याखाली राहतो ते पाहू. भंडारा, तुमसर, पवनी आणि साकोली इथे नगरपरिषदा आहेत. मोहाडी, लाखनी आणि लाखांदूर इथे नगरपंचायती. या सात ठिकाणी महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो. जिल्ह्यातल्या बाकी गावांना १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६० चे कर व फी नियम लागतात. दोन्हीकडे कर घरावरच असला, तरी हिशेबाची रीत वेगळी, अधिकारी वेगळे आणि दाद मागायची जागाही वेगळी. नगरपंचायती झालेल्या गावांत राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या काळातला जुना उतारा आणि पावत्या मुळीच टाकू नयेत. घर किती जुने आहे हे सिद्ध करायला याच कागदांचा उपयोग होतो.

गावातला हिशेब

एकेकाळी ग्रामपंचायती नुसत्या क्षेत्रफळावर कर बसवत. ती पद्धत न्यायालयात टिकली नाही, आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने राज्यभर भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली. तिचे सूत्र नियमांतच दिले आहे आणि ते प्रत्येक घरमालकाने एकदा तरी स्वतः मांडून पाहावे.

इमारतीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचे आणि त्याला जमिनीच्या वार्षिक मूल्य दराने गुणायचे. मग तेच क्षेत्रफळ बांधकामाच्या दराने आणि घसाऱ्याच्या दराने गुणायचे. दोन्ही रकमांची बेरीज करायची आणि तिला वापराच्या भारांकाने गुणायचे. जे उत्तर येते ते भांडवली मूल्य. जमिनीचा आणि बांधकामाचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या तक्त्यांतून येतो, ज्यांना आपण सगळे रेडीरेकनर म्हणतो. ते विभागाच्या संकेतस्थळावर गावानुसार पाहता येतात. संगणकाची सवय नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारता येते. भारांक राहत्या घराला १, औद्योगिक वापराला १.२० आणि दुकानासारख्या वाणिज्यिक वापराला १.२५ असा आहे. शेवटी भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे या दराने कर बसतो. नियमांनी बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे या दराची किमान आणि कमाल मर्यादा घालून दिली आहे. त्या दोन्हींच्या मधला कोणता दर लावायचा ते ग्रामपंचायत ठरावाने ठरवते. म्हणजे दर ठरवण्यात गावाचाही हात असतो, आणि तो ठराव पाहायला मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आकडे घालून पाहू. खालचे दर फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या गावाचे दर तक्त्यातूनच घ्या. घर ६० चौरस मीटरचे, म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. जमिनीचा दर ४०० रुपये, बांधकामाचा १२,००० रुपये, आणि घराच्या वयामुळे घसारा वजा होऊन उरलेला दर ०.८०. जमिनीचे झाले २४,००० रुपये, बांधकामाचे ५,७६,०००. बेरीज बरोबर सहा लाख. राहते घर म्हणून भारांक १. हजारी १२० पैसे दर धरला तर घरपट्टी ७२० रुपये.

आता याच घरात नोंदीच्या चुका घालून पाहा. घर पंधरा-वीस वर्षांचे असताना नवे म्हणून लिहिले, तर घसारा वजा होत नाही. भांडवली मूल्य ७,४४,००० होते आणि कर सुमारे ८९३ रुपये. घराच्या पुढच्या बारा चौरस मीटरच्या खोलीत किराणा दुकान आहे असे समजा. तेवढाच भाग दुकान म्हणून धरला तर मूल्य ६,३०,००० आणि कर ७५६ रुपये. पण मोजणीला आलेल्या माणसाने शटर पाहून अख्खे घरच वाणिज्यिक लिहिले, तर मूल्य साडेसात लाख आणि कर ९०० रुपये. घर तेच आणि दरही तेच असताना, कागदावरच्या एका शब्दाने १४४ रुपयांचा फरक पडला. एका वर्षाला तो मोठा वाटणार नाही. पण तो दरवर्षी भरायचा आहे, आणि मजुरीवर चालणाऱ्या घरात तेवढ्या पैशांनाही मोल आहे.

सूत्रातल्या चारही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या आहेत.

क्षेत्रफळ स्वतः मोजा. टेप घेऊन बाहेरून लांबी-रुंदी घ्या, मजला असेल तर वेगळा मोजा. फुटांत मोजले असेल तर चौरस फुटांना १०.७६ ने भागा. उताऱ्यात चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात पडला, तर कर दहापट होतो, म्हणून हे पहिल्यांदा पाहा. आणखी एक बघा: सूत्रात जमिनीसाठीही इमारतीचेच क्षेत्रफळ धरायचे असते. मागची वाडी इमारतीच्या क्षेत्रफळात मिसळली असेल, तर ती हरकतीची गोष्ट आहे. मोकळ्या भूखंडाची आकारणी निराळी होते. तिथे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर एवढेच मूल्य. भंडारा शहराभोवती लेआउटमधले प्लॉट घेऊन ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण प्लॉट रिकामा असला तरी कर चालू होतो. शेतजमिनीवर मात्र घरपट्टी नाही, तिचा सारा महसूल खात्याकडे जातो. पण शेतात बांधलेले पक्के घर या करातून सुटत नाही.

बांधकामाचा प्रकार ही नोंद आपल्या जिल्ह्यात सगळ्यात महत्त्वाची. मातीच्या भिंती, विटामातीचे काम, सिमेंटमधले विटकाम आणि आरसीसी यांचे दर वेगळे आणि घसाराही वेगळा. मातीचे बांधकाम लवकर जीर्ण होते, म्हणून त्याचे मूल्य झपाट्याने उतरते. आवारात मागचे कवेलूचे घर आणि पुढचे घरकुल दोन्ही असतील, तर त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी करून घ्या. घरकुल झाले म्हणून जुने मातीचे घरही आरसीसीच्या दराने लागले, तर गरिबाला मिळालेल्या मदतीतला काही भाग करातून परत जातो. हे मला फार चुकीचे वाटते, आणि नुसता एक अर्ज दिला तरी ते दुरुस्त होऊ शकते.

पडलेल्या घरांचे तर वेगळेच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत कितीतरी मातीच्या भिंती बसल्या. नुकसानीचे पंचनामे महसूल खात्याने केले. घरपट्टीची वही मात्र ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे असते, आणि एका कार्यालयातला पंचनामा दुसऱ्या कार्यालयाच्या वहीत आपोआप उतरत नाही. घर पडले असेल, अर्धे उतरवले असेल, नुसता चौथरा उरला असेल, तर पंचनाम्याची प्रत जोडून आकारणीतून ते बांधकाम कमी करण्याचा अर्ज तुम्हालाच द्यावा लागेल. दरवर्षी पावसाळ्यात हे कुठे ना कुठे घडते, आणि पडलेल्या घराची पट्टी वर्षानुवर्षे भरली जाते.

वयाचा पुरावा म्हणून बांधकाम परवानगी, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीज मीटर बसल्याची तारीख असलेले कागद, घरकुल पूर्ण झाल्याचा दाखला यांपैकी जे असेल ते चालवून पाहा. गोसीखुर्द प्रकल्पामुळे नव्या गावठाणात आलेल्या कुटुंबांकडे भूखंड वाटपाचे पत्र असते. घर त्याआधीचे असू शकत नाही आणि नंतर किती वर्षांनी बांधले याचाही अंदाज त्यावरून येतो.

वापराच्या नोंदीत न्याय आणि अन्याय दोन्ही शक्य आहेत. तुमसर-मोहाडी पट्ट्यातली भातगिरणी औद्योगिक आहे, यात वाद नाही. पण मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोसा विणणाऱ्या घरात एका खोलीत माग असतो आणि बाकी घरात माणसे राहतात. मागाची खोली तेवढी वेगळी मोजावी, सगळ्या घराला १.२० चा भारांक लावू नये, असा आग्रह धरा. घरच्या धानाची साठवण म्हणजे गोदाम नव्हे, हेही लेखी सांगा. याची दुसरी बाजूही खरी आहे. पुढची खोली दुकानदाराला भाड्याने दिली असेल आणि उताऱ्यावर ती निवासी असेल, तर तो बोजा शेजाऱ्यांवर पडतो. गावची दिवाबत्ती, नाली आणि नळयोजना याच पैशांतून चालतात.

कागद कुठे मिळतो

ग्रामपंचायतीत चार नमुने लक्षात ठेवले की पुरे. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. घराची सगळी माहिती आणि मूल्य इथे. नमुना ९ ही कर मागणी नोंदवही. चालू मागणी, थकबाकी आणि वसुली इथे दिसते. नमुना ९ क हे बिल, आणि पैसे भरल्यावर मिळते ती नमुना १० ची पावती. लोक बिल आणि पावतीपाशी थांबतात, पण कर ठरतो तो नमुना ८ मध्ये. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नमुना ८ चा उतारा पाच दिवसांत, वीस रुपये शुल्क घेऊन देणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. अर्ज ‘आपले सरकार’ केंद्रातून केला तर त्याला क्रमांक मिळतो आणि मुदत मोजता येते.

उताऱ्यात घरपट्टीखेरीज दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर आणि पाणीपट्टी अशाही रकमा असतात. बिल फुगले ते घराच्या मूल्यामुळे की पाणीपट्टीमुळे, हे आधी वेगळे करून बघा. पाणीपट्टी ठरावाने ठरते, तिच्यावर ग्रामसभेत बोलायचे. घराच्या मूल्यावर मात्र हरकतच द्यायची.

आकारणी चार वर्षांतून एकदा नव्याने होते. त्यावेळी ग्रामपंचायत कच्ची यादी तयार करून फलकावर लावते, दवंडी देते आणि हरकतींसाठी मुदत देते. दुर्दैवाने हे कागद धानाच्या रोवणीत किंवा कापणीत लागले, तर फलकाकडे कोणी फिरकत नाही. नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेल्या मुलांनी निदान एवढे करावे की गावातल्या कुणाला तरी त्या यादीचा फोटो पाठवायला सांगावे. मुदतीत दिलेल्या साध्या अर्जाने जे होते, त्यासाठी नंतर अपिलात जावे लागते.

हरकतीचा अर्ज लांबलचक नको. मालमत्ता क्रमांक, नोंदीत काय लिहिले आहे, प्रत्यक्षात काय आहे, त्याचा पुरावा कोणता, आणि ‘प्रत्यक्ष मोजणी करून नोंद दुरुस्त करावी’ ही मागणी. रागाची वाक्ये गाळा. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या, तारखेसह. मोजणीला माणसे आली की घरी थांबा, टेपचे एक टोक तुम्ही धरा, आणि त्यांनी लिहिलेले आकडे वाचूनच सही करा.

शहरातली रीत

भंडारा आणि पवनी या जुन्या नगरपालिकांत, आणि आता नव्या नगरपंचायतींतही, हिशेबाचा नेहमीचा पाया वार्षिक भाडेमूल्य हा आहे. तुम्ही भाड्याने दिले असो वा नसो, त्या जागेला वर्षाला वाजवी भाडे किती मिळाले असते, हे धरायचे. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर ठरलेल्या टक्केवारीने कर. अधिनियमात भांडवली मूल्याचाही पर्याय आहे, म्हणून तुमच्या बिलात कोणता पाया वापरला ते आधी बघा. उदाहरण घ्यायचे तर ८० चौरस मीटर जागा, महिन्याला चौरस मीटरला १० रुपये भाडे धरले, तर वर्षाचे ९,६०० रुपये. दहा टक्के गेले की ८,६४०. त्यावर २५ टक्के धरले तर कर २,१६० रुपये. हेही दर कल्पित आहेत. खरा प्रश्न तुमच्या गल्लीला चौरस मीटरचा दर कोणता लावला हा असतो, कारण शहराचे भाग पाडून रस्त्याप्रमाणे आणि बांधकामाप्रमाणे दर ठरलेले असतात. मुख्य रस्त्याचा दर आतल्या बोळातल्या घराला लागला आहे का, हे शेजारच्या दोन-तीन बिलांवरून लगेच कळते.

शहरातही आकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने होते. अधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ती तयार करतात, आणि कलम ११९ खाली जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या जातात. हरकत दिली की सुनावणीची तारीख मिळते. त्या तारखेला स्वतः हजर राहा; गैरहजर माणसाची हरकत सहज निकाली निघते. यादी अंतिम झाल्यावरही पटले नाही, तर कलम १६९ खाली मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येते. गावाकडे अपील पंचायत समितीत करायचे, आणि त्या निर्णयावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे.

शहरात थकबाकीचा जाच फार लवकर वाढतो. मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे पाच हजार वर्षभर थांबवले तर वर बाराशे. परवानगीशिवाय केलेल्या बांधकामाला कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही.

नाव कोणाचे

नमुना ८ चा उतारा किंवा नगरपरिषदेचे कर बिल हा मालकीचा पुरावा नाही. कर कोणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी ती नोंद असते. मालकी खरेदीखत, वाटणीपत्र, मिळकत पत्रिका अशा कागदांनी ठरते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. तुमच्या गावची पत्रिका आली असेल तर तिच्यावरचे क्षेत्रफळ आणि नमुना ८ चे क्षेत्रफळ जुळते का ते पाहा. तरीही करवहीतले नाव दुर्लक्षित करू नका. वडील वारले तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन नावे लावा. भाऊ वेगळे झाले असतील तर घरांच्या नोंदीही वेगळ्या करा, नाहीतर एकाची थकबाकी दुसऱ्याच्या दाखल्याला आडवी येते. नमुना ८ मध्ये नवऱ्याच्या नावासोबत बायकोचे नाव लावता येते, आणि मला वाटते प्रत्येक घराने ते लावावे. घरातल्या बाईचा त्या भिंतींवर असलेला हक्क निदान एका सरकारी वहीत दिसला पाहिजे.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना २०२० पासून घराच्या करात माफी आहे. ती आपोआप मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन अर्ज करावा लागतो. आपल्या गावात अशा किती आजीबाई अजून पट्टी भरत आहेत, याची चौकशी त्या-त्या गावच्या तरुणांनी करावी.

हरकत किंवा अपील चालू असताना बिल अडवून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. ‘हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे’ असे पत्र देऊन पैसे भरा आणि पत्राची पोच घ्या. निर्णय तुमच्या बाजूने लागला, तर जादा रकमेचा हिशेब पुढच्या बिलात मागता येतो. न भरता थांबलात तर थकबाकी तेवढी वाढत जाते. ज्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची आहे, त्यांनी तर बिल मिळाल्याची तारीख लिहूनच ठेवावी. बिल रीतसर मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर अधिनियमाच्या कलम १४ खाली सदस्यत्वाची अपात्रता येते, आणि निवडून आल्यानंतरही याच मुद्द्यावर तक्रारी होतात. पैसे देताना नमुना १० ची पावती जागेवर मागा, तिच्यावरचे वर्ष, मालमत्ता क्रमांक आणि कराचा प्रकार वाचा, आणि तीच रक्कम नमुना ९ मध्ये तुमच्या नावापुढे जमा पडली का, हे आठवड्याभरात जाऊन पाहा.